‘वर बघ’ न ओरडता मान वर करायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
स. न. वि. वि.

बास्केटबॉलमध्ये दहा-अकरा वर्षांच्या मुलांना ड्रिबल, म्हणजे चेंडू हाताने आपटत पुढे नेणं, शिकवताना ‘वर बघ, वर बघ’ असं ओरडून काही होत नाही, हे तुम्ही आम्हा सहायक प्रशिक्षकांच्या डोक्यात घातलंत. त्याबद्दल जाहीर आभार.

चेंडू हाताशी परत येईल याचा भरवसा नसतो, म्हणून मूल खाली बघतं. तुम्ही आधी चेंडूच तपासायला लावलात. या वयाला 7 नंबरचा मोठा नको, 5 नंबरचा लहान हवा. खांद्यापासून सोडला तर कमरेपर्यंत उसळायला हवा. मांडीशीच दमला तर हवा कमी, मग मूल थापट्या मारत बसतं.

थापटी ओळखायची तुमची खूण तर फारच कामाची. सिमेंटच्या कोर्टवर पाच मिनिटं खेळून झालं की ‘हात दाखवा!’ बोटांची पेरं काळी आणि तळव्याचा खळगा स्वच्छ, तर ढकलणं बरोबर. खळगाच काळा झाला असेल तर ताबा सुटणारच.

वाकायचं गुडघ्यातून. मूल कमरेतून वाकलं की मान खाली जाते आणि आपण उगाच नजरेला दोष देतो. चेंडू पावलाच्या बाहेरच्या बाजूला पडावा. समोर टाकला तर पुढच्याच पावलाला लागून निसटतो. एवढं जमल्यावर मग तुम्ही बोटं दाखवायचात आणि मुलांनी आकडा ओरडायचा. उजव्या हाताने 30 सेकंद, डाव्याने 60, डावखुऱ्यांना उलट.

क्रॉसओव्हर, म्हणजे चेंडू आपटून एका हातातून दुसऱ्या हातात नेणं, गुडघ्याच्या उंचीखालून, आणि घेणारा हात आधीच खाली तयार. तो वर राहिला की मूल चेंडू उंच टाकतं, मग सावरताना हात चेंडूखाली जातो आणि ‘कॅरी’ची, म्हणजे चेंडू हातावर उचलून नेल्याच्या चुकीची, शिट्टी. वळसे घालायला मांडलेले शंकू तुम्ही लवकर उचललेत, कारण शंकू चेंडू हिसकावत नाही. त्यांच्या जागी खरा बचावपटू, आधी हात पाठीमागे बांधून, मग एक हात मोकळा. दोन चेंडूंची कसरत व्हिडिओत छान दिसते. ती तुम्ही शेवटच्या पाच मिनिटांपुरतीच ठेवलीत, हे आम्हाला उशिरा पटलं.

बास्केटबॉलचे जनक नेस्मिथ यांच्या 1891 च्या 13 नियमांत ड्रिबल नव्हताच, हे तुमचं आवडतं वाक्य. पास मोकळा दिसत असताना कुणी चेंडू आपटत राहिलं, की आता आम्हीही तेच ऐकवतो.

तुमचा पंप अजून आमच्याकडेच आहे. सुई ओली केल्याशिवाय व्हॉल्व्हमध्ये घालत नाही.

आपले,
सायंकाळच्या बॅचचे सहायक प्रशिक्षक