तारण पावलेल्याने कोणाचे काय परत करावे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तारण म्हणजे काय आणि ते लाभलेल्या ख्रिस्ती माणसाने कसे जगावे, यावर चर्चच्या मंडळ्यांमधून पुष्कळ बोलले जाते. परंतु त्या बोलण्यातून एक बाजू वारंवार सुटते, आणि तिचा संबंध आमच्या शेजाऱ्यांशी, व्यवहाराशी आणि पैशाशी येत असल्यामुळे ती उपासनेच्या चार भिंतींबाहेरही मांडली जावी असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे.

मूळ शिकवणीविषयी संदिग्धता नसावी. पापाचा दोष, पापाची सत्ता आणि अखेरीस मृत्यू यांपासून होणारी सुटका म्हणजे तारण. ती देवाने ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील मरणाने व पुनरुत्थानाने साधली आहे, आणि ती कोणाही माणसाच्या पुण्याईची कमाई नाही. कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झाले आहे, हे देवाचे दान आहे, असे नव्या करारातील इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आठव्या व नवव्या वचनांत स्पष्ट म्हटले आहे. ही दोन वचने आमच्यातील बहुतेकांना तोंडपाठ असतात. दहावे वचन मात्र क्वचितच कोणी म्हणून दाखवतो. त्यात असे आहे की देवाने आधीच योजून ठेवलेली सत्कृत्ये करीत आपण जगावे यासाठीच ख्रिस्त येशूमध्ये आपली निर्मिती झाली आहे. हाच क्रम जुन्या करारातही दिसतो. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात पहिली आज्ञा येण्यापूर्वी, मिसर देशाच्या दास्यातून तुला बाहेर काढणारा परमेश्वर तो मीच, अशी देव स्वतःची ओळख करून देतो. सुटका आधी झालेली आहे आणि आज्ञा सुटलेल्या लोकांना दिलेल्या आहेत.

या क्रमावरून चर्चमध्ये मोठे वाद झाले. प्रोटेस्टंट चर्च ज्यातून वेगळे झाले त्या सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या मुळाशी हाच प्रश्न होता आणि 1547 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने त्यावर रोमन कॅथलिक चर्चची भूमिका ठरावाने निश्चित केली. त्यानंतर साडेचार शतकांनी, 31 ऑक्टोबर 1999 रोजी, जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे लुथरन वर्ल्ड फेडरेशन व रोमन कॅथलिक चर्च यांनी या प्रश्नावरील एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या आणि 2006 साली वर्ल्ड मेथडिस्ट कौन्सिलनेही तिला संमती दिली. आपल्या कोणत्याही योग्यतेमुळे नव्हे, केवळ कृपेने देव आपला स्वीकार करतो, आणि पवित्र आत्मा आपले अंतःकरण नवे करून आपल्याला सत्कृत्यांसाठी सज्ज करतो, असा तिचा गाभा आहे. सर्व मतभेद त्यामुळे मिटले असे नाही. तरीही कृपा की कृत्ये, असा सामना लावून आजही एकमेकांना कमी लेखणाऱ्यांनी ही घोषणा एकदा वाचावी.

माझी काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. आमच्या साक्षींमध्ये तारण हे बहुधा भूतकाळातील एका दिवसाचे नाव होऊन बसले आहे. अमुक सभेत प्रभूला स्वीकारले, आता स्वर्गाची खात्री आहे, एवढ्यावर साक्ष संपते. तो दिवस अनेकांच्या आयुष्यात खरोखर घडलेला असतो आणि त्याचे मोल मी कमी करू इच्छित नाही. पण तारण झाले आहे असे सांगणारा नवा करारच, करिंथकरांस पहिल्या पत्रात, तारण होत असलेल्या लोकांविषयी बोलतो आणि रोमकरांस पत्रात आपण विश्वास ठेवला तेव्हापेक्षा आता तारण अधिक जवळ आले आहे असे म्हणतो. जे अजून चालू आहे आणि ज्याची पूर्णता यायची आहे, ते एका तारखेत बंद करून ठेवले की बाकीचे आयुष्य त्याच्या कक्षेबाहेर राहते, आणि पैसा तर सर्वांत आधी बाहेर राहतो.

म्हणून लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातील जक्कयाकडे मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. यरीहोतील हा मुख्य जकातदार, म्हणजे रोमी सत्तेसाठी कर गोळा करणारा, श्रीमंत होता आणि लोकांच्या दृष्टीने पापी होता. येशूने त्याला झाडावरून उतरायला सांगितले आणि आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे असे म्हटले, तेव्हा जक्कयाने पश्चात्तापाचा एक शब्दही उच्चारलेला नव्हता. कृपा आधी त्याच्या दाराशी गेली. त्यानंतर मात्र तो उभा राहून जे बोलला त्यात प्रार्थनेचा किंवा भावनेचा उल्लेख नाही, केवळ हिशेब आहे: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवून काही घेतले असेल त्याला चौपट परत. मोशेच्या नियमशास्त्रात, आपला अपराध कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि त्यावर पाचवा हिस्सा, म्हणजे शंभरामागे वीस, मूळ मालकाला द्यावा अशी तरतूद होती. चौपट भरपाई चोरून कापलेल्या किंवा विकलेल्या मेंढरासाठी सांगितलेली होती. जक्कयाने स्वतःला सौम्य नियम लावून घेतला नाही. आज या घराला तारण प्राप्त झाले आहे, हे येशूचे उद्गार त्या हिशेबानंतरचे आहेत.

येथे कोणी विचारील की मग तारण परतफेडीवर अवलंबून ठरत नाही का? तसे ठरत नाही, आणि याचे उत्तर त्याच शुभवर्तमानात आहे. येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या अपराध्याला कोणाचे काहीही परत करणे शक्य नव्हते. तरी त्याला त्याच दिवशी सुखलोकाचे वचन मिळाले. ज्याच्याजवळ वेळ नव्हता त्याच्याकडून काही मागितले गेले नाही. पण आपल्यापैकी बहुतेकांजवळ वेळ आहे, हातपाय मोकळे आहेत आणि आपण ज्यांचे देणे लागतो ती माणसे अजून जिवंत आहेत. अशा वेळी त्या अपराध्याचा दाखला स्वतःच्या सोयीसाठी पुढे करणे मला अप्रामाणिक वाटते.

याहून गंभीर बाब अशी की क्षमेची शिकवण आम्ही पुष्कळदा उलट्या दिशेने वापरतो. एखाद्या कुटुंबात भावाने बहिणीचा वाटा बळकावलेला असतो, मालकाने नोकराचे वेतन अडवून ठेवलेले असते, पतीने पत्नीला वर्षानुवर्षे मारहाण केलेली असते. आणि मंडळीतील वडीलधारे अन्याय सोसणाऱ्याकडे जाऊन सांगतात की प्रभूने तुम्हाला क्षमा केली, तुम्हीही करा. अन्याय करणाऱ्याकडे कोणी जात नाही. त्याने भर सभेत अश्रू ढाळले की त्याचा प्रश्न सुटला असे मानले जाते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशूने याच्या नेमके विरुद्ध सांगितले आहे: वेदीजवळ अर्पण आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा. उठून जाण्याची जबाबदारी ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्यावर आहे, आणि ती पार पडेपर्यंत देवाचे अर्पणही थांबू शकते. क्षमा करणे हे ख्रिस्ती कर्तव्य आहे याविषयी मला शंका नाही. पण अपराध्याचे देणे बुडवण्यासाठी तिचा उपयोग करणे हा क्षमेचाच अवमान आहे, आणि ज्या स्त्रीला पुन्हा मार खायला घरी पाठवले जाते तिच्यासमोर तारणाचा उच्चार करण्याचा अधिकार आम्ही त्या क्षणी गमावतो.

कृतज्ञता स्तोत्रांतून व्यक्त व्हावी, प्रार्थनेतून आणि प्रभुभोजनातून व्हावी. याकोबाने आपल्या पत्रात मात्र उघड्यानागड्या व उपाशी बंधुभगिनींना नुसते शुभेच्छांचे शब्द देऊन वाटेला लावण्याचा काय उपयोग, असा जो रोखठोक प्रश्न विचारला आहे, तो उपासना संपल्यानंतरही आम्हाला लागू राहतो.

पाळकांना व मंडळीच्या पंचांना माझी विनंती आहे की बाप्तिस्म्याची किंवा दृढीकरणाची (बाप्तिस्म्याच्या वेळचा विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीची) तयारी करून घेताना उमेदवाराला विश्वासाचे अंगीकार शिकवावेत, आणि त्याबरोबर त्याने कोणाचे काय घेतले आहे, कोणाचा हक्क दाबून ठेवला आहे, याचाही एकांतात, विश्वासाने विचार करून घ्यावा. परत करणे अवघड असेल तर त्याच्यासोबत जावे. मंडळीच्या स्वतःच्या निधीचा व मालमत्तेचा हिशेब सभासदांसमोर वेळच्या वेळी ठेवणे हेही याच शिकवणीत बसते, कारण जक्कयाचा पाठ व्यासपीठावरून सांगणाऱ्या संस्थेला त्याच्या प्रश्नातून सूट मिळण्याचे कारण मला दिसत नाही.

आपला नम्र,
एक ख्रिस्ती वाचक