ज्वालामुखीला तीन रात्रींची मुदत कोणी दिली? युरोपीय वाहतूक आयुक्तांना खुले पत्र

माननीय वाहतूक आयुक्त,
युरोपीय आयोग, ब्रसेल्स

सादर नमस्कार.

विमानप्रवाशांच्या हक्कांचा 261/2004 हा नियम बदलण्याचा प्रस्ताव आपल्या आयोगाने मार्च 2013 मध्ये मांडला. त्यात एक कलम असं होतं, की विमान कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाने उड्डाण रद्द झालं, तर अडकलेल्या प्रवाशाची राहायची सोय कंपनीने जास्तीत जास्त तीन रात्री करावी, रात्रीला फार तर 100 युरो. दिव्यांग, गरोदर स्त्रिया, एकटी प्रवास करणारी मुलं यांना ही मर्यादा नव्हती. बाकीच्यांनी चौथ्या रात्रीपासून आपलं आपण बघायचं. हा तीनचा आकडा कुठून आला असेल ते असो, आइसलँडच्या बर्फाखालून नक्कीच आलेला नाही.

2010 मध्ये काय झालं ते आठवून बघा. मार्चमध्ये आइसलँडमधल्या एयाफ्यात्लायोकुत्ल ह्या ज्वालामुखीच्या कडेला, हिमनदी नसलेल्या जागी, लाव्हा उसळत होता आणि लोक तो बघायला डोंगर चढून जात होते. 14 एप्रिलला उद्रेक शिखरावर सरकला, तिथे सुमारे 200 मीटर जाड बर्फ होता, आणि सगळं चित्र पालटलं. तापलेला शिलारस वितळलेल्या पाण्याला भिडला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि शिलारसाच्या ठिकऱ्या उडतात. उरते ती काचेसारखी बारीक राख. ह्या शिलारसात मुळातच वायू कोंडलेला होता, म्हणून पाण्याचा जोर ओसरल्यावरही राख उडतच राहिली. वायव्येकडून येणाऱ्या वाऱ्याने ती थेट युरोपवर आणून टाकली. सहाएक दिवसांत सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली आणि एक कोटीच्या आसपास प्रवाशांचा खोळंबा झाला.

सहा दिवस, म्हणजे आपल्या प्रस्तावाच्या दुप्पट. तेही पहिल्या फेरीचे, कारण मे महिन्यात आयर्लंड, स्कॉटलंड, स्पेन इथले विमानतळ पुन्हा अधूनमधून बंद पडत राहिले. ह्याच ज्वालामुखीचा त्याआधीचा उद्रेक 1821 च्या डिसेंबरात सुरू झाला आणि थांबत थांबत 1823 पर्यंत चालला. शेजारच्या मिर्दाल्सयोकुत्ल हिमनदीखाली कात्ला हा ज्वालामुखी आहे. तिथला बर्फ काही ठिकाणी 700 मीटरपर्यंत जाड आहे आणि त्याचा शेवटचा मोठा उद्रेक 1918 चा.

उड्डाणं बंद ठेवण्याला माझा विरोध नाही, हे स्पष्ट करतो. डिसेंबर 1989 मध्ये अलास्कातल्या रिडाउट ह्या बर्फाच्छादित ज्वालामुखीच्या राखेत एक जम्बो विमान शिरलं आणि त्याची चारही इंजिनं बंद पडली. चार किलोमीटरहून जास्त उंची गमावल्यावर ती पुन्हा सुरू झाली. राख इंजिनाच्या गाभ्यात वितळते आणि पात्यांवर काचेसारखी बसते. 2010 पर्यंतचा शिरस्ता ‘राख दिसली की उडायचं नाही’ असा होता. त्या एप्रिलमध्येच हवेच्या घनमीटरला 2 मिलिग्रॅम राख अशासारख्या मर्यादा ठरवाव्या लागल्या. पुढच्या वर्षी आइसलँडच्याच ग्रिम्सवोत्न ज्वालामुखीचा राखेचा स्तंभ कितीतरी उंच गेला, पण रद्द झालेली उड्डाणं हजाराच्या आतच राहिली. त्यात नव्या नियमांचा वाटा होता, तसाच वाऱ्याचा आणि जाड राख लवकर खाली बसण्याचाही. 2014 मध्ये तिथल्याच बार्दारबुंगा ज्वालामुखीच्या पोटातला शिलारस जमिनीखालून सरकत हिमनदीच्या बाहेर होलुह्राउनला फुटला, म्हणून आकाश मोकळं राहिलं. अशा नशिबावर धोरण आखता येत नाही.

आता पैशांचं. त्या एप्रिलमध्ये रायनएअर ह्या विमान कंपनीची एक प्रवासी पोर्तुगालमधल्या फारोला आठवडाभर अडकली. जेवणाखाण्याचे आणि राहण्याचे सुमारे 1,130 युरो तिने मागितले. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि 31 जानेवारी 2013 ला निकाल लागला: ज्वालामुखी असला तरी प्रवाशाची काळजी घेण्याचं कर्तव्य सुटत नाही, आणि त्याला दिवसांची किंवा रकमेची मर्यादा नाही. मात्र भरपाई फक्त आवश्यक आणि वाजवी खर्चाची. म्हणजे पंचतारांकित चैनीचा प्रश्न तिथेच मिटला होता. त्याला सहा आठवडेही झाले नव्हते, तोच तीन रात्रींचा प्रस्ताव आला! ही घाई कोणासाठी होती, ते सांगायला नको.

कंपन्यांची बाजूही पोकळ नाही. आकाश बंद सरकारं करतात आणि बिल विमान कंपनीला येतं, तेही कधीकधी तिकिटाच्या कितीतरी पट. त्यावर न्यायालयाने म्हटलं होतं, की हा खर्च तिकिटाच्या दरात धरता येतो. मला त्याहून बरा वाटतो तो सामायिक निधी: प्रत्येक तिकिटामागे थोडी रक्कम, आणि आकाश बंद झालं की त्यातून प्रवाशांची सोय. लहान कंपनी त्यात बुडणार नाही आणि प्रवासी बाकड्यावर राहणार नाही. सहलींच्या पॅकेजबद्दलच्या 2015 च्या निर्देशात तीन रात्रींची मर्यादा आधीच आहे. प्रवासी हक्कांच्या नियमात जास्त मुदत असेल तर ती लागू होते, एवढाच त्यात दिलासा. 261 मध्येही तोच आकडा घातलात तर हा दिलासाही जाईल.

आणखी एका गोष्टीकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. युरोपात फक्त विमान बदलणाऱ्या, शेंगेन व्हिसा नसलेल्या प्रवाशांना हॉटेलचा हक्क कागदावरच मिळतो, कारण त्यांना विमानतळाबाहेर पडता येत नाही. 2010 मध्ये असे शेकडो लोक फ्रँकफर्टच्या ट्रान्झिट भागात खाटांवर झोपले. अनपेक्षित आणि निकडीच्या कारणासाठी सीमेवरच व्हिसा देण्याची तरतूद आपल्या व्हिसा संहितेत आहे. राखेमुळे आकाश बंद झालं की ती आपोआप लागू व्हावी, प्रत्येक देशाच्या मर्जीवर राहू नये.

जुलै 2011 मध्ये कात्लावरच्या बर्फाखालून आलेल्या पुराने मूलाक्विस्ल नदीवरचा पूल वाहून गेला आणि आइसलँडचा मुख्य रस्ता तुटला. मोठ्या ट्रकांवरून माणसं आणि मोटारी नदीपार नेल्या गेल्या आणि आठवडाभरात तात्पुरता पूल उभा राहिला. तिथल्या लोकांना पूर येणार हे ठाऊक होतं. राख येणार हे आपल्यालाही ठाऊक आहे.

तेव्हा नियमाच्या नव्या मसुद्यात राहण्याच्या सोयीला रात्रींची मर्यादा घालायला आयोगाचा विरोध राहील का, आणि सामायिक निधीचा विचार झाला आहे का, ह्या दोन प्रश्नांची उत्तरं आपण जाहीरपणे द्यावीत, ही विनंती.

कळावे,
एक विमानप्रवासी