टाळूला पर्याय आहे, पण सरसकट नाही

‘हिरड्यांसाठी आता टाळू कापायला नको’ हा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. हिरडी मागे सरकून दाताचे मूळ उघडे पडले, की टाळूतून ऊतीचा थर कापून तिथे शिवतात; त्याला पर्याय असल्याचे लेखात म्हटले आहे. रुग्णाच्याच रक्तातून केलेल्या फायब्रिनच्या (रक्ताची गुठळी बांधणाऱ्या प्रथिनाच्या) पडद्याने टाळूवरची जखम टळते, हे खरे. पण उघडे पडलेले मूळ झाकून हिरडी जाडही करायची असेल, तर टाळूतून घेतलेला १ ते १.५ मिलिमीटर जाडीचा थर आजही अधिक भरवशाचा आहे. फायब्रिन काही दिवसांतच विरघळते. शिवाय ते करताना उसंत नसते. कोणतेही रसायन नसलेल्या नळीत १० मिलिलिटर रक्त घेऊन ती लगेच यंत्रात मिनिटाला २७०० फेऱ्यांनी १२ मिनिटे फिरवावी लागते. थोडा जरी उशीर झाला, तरी रक्त नळीतच गोठते आणि टाके धरेल असा पडदा मिळत नाही. दुसरा पर्याय म्हणजे कोलेजन या प्रथिनाचा तयार पडदा; तो बहुधा डुकराच्या किंवा गोवंशाच्या ऊतींपासून केलेला असतो. हे रुग्णाला आधी सांगितलेच पाहिजे, अनेकांना ते चालणार नाही. लेखात मिसरीचा उल्लेखच नाही, याचे वाईट वाटले. कोल्हापूरच्या खेड्यापाड्यांत ती रोजची आहे. बोटाने मिसरी घासली की टाके ओढले जातात, रोपण (शिवलेला थर) हलते आणि हललेल्या रोपणात नव्या रक्तवाहिन्या शिरत नाहीत.

– एक हिरडीरोगतज्ज्ञ, राजारामपुरी, कोल्हापूर