ताई, मिरचीची रोपं बाहेर लावण्याआधी हे वाच

प्रिय ताई,

आई-बाबांना नमस्कार सांग. तुझी मिरचीची आणि ढोबळीची रोपं वाफ्यात लावायची आहेत म्हणालीस आणि तेवढ्यात फोन कट झाला, म्हणून आता सगळं नीट लिहूनच पाठवतोय. जरा लांबेल पण वाच, कारण मिरचीचा अर्धा खेळ लावणीच्या आधीच्या आणि नंतरच्या आठ-दहा दिवसांतच ठरतो असं माझं मत झालंय.

पहिलं म्हणजे उंची बघून घाई करू नकोस. रोपाला सहा-आठ खरी पानं आली, खोड पेन्सिलीच्या जवळपास जाड झालं आणि ट्रेतून काढल्यावर मुळांनी माती धरून ठेवली की ते तयार. लांब सडपातळ वाढलेलं रोप दिसायला मोठं असतं पण वाऱ्यात टिकत नाही, त्यापेक्षा बुटकं आणि गडद हिरवं रोप कधीही चांगलं.

आणि घरातलं रोप उचलून थेट वाफ्यात लावायचं नाही गं, मी हे सगळ्यांना सांगत असतो. खिडकीतल्या उजेडात वाढलेली पानं पातळ असतात, त्यांच्यावरचा मेणासारखा थर कच्चा असतो, मग एकदम कडक ऊन लागलं की पानांवर पांढरे डाग पडतात आणि रोप तिथेच थांबतं. म्हणून सात ते दहा दिवस त्यांना सवय लावायची. सुरुवातीला तास-दोन तास सावलीत, मग थोडं सकाळचं ऊन, मग अर्धा दिवस, मग रात्रभर बाहेर. या काळात पाणी किंचित कमी कर, पण रोप माना टाकेल इतकं नाही. वारा पण लागू दे, वाऱ्याने खोड घट्ट होतं.

इकडे आमचा प्रश्न थंडीचा असतो. शेवटचं दहिवर (गोठलेलं दव) पडून गेल्यावरसुद्धा दोन-तीन आठवडे थांबावं लागतं, कारण मिरचीला हवेपेक्षा मातीची ऊब लागते. माती साधारण १८ अंशांच्या वर आणि रात्र १२-१३ च्या खाली जात नाही अशी झाली की मगच लावायची, गार मातीत मुळं चालतच नाहीत आणि रोप आठवडेच्या आठवडे जसंच्या तसं उभं राहतं. तुमच्याकडे उलटं आहे, तिथे उन्हापासून जपायचं. म्हणून संध्याकाळी ऊन उतरल्यावर लाव किंवा ढगाळ दिवस बघ, आणि पुढचे तीन-चार दिवस दुपारी शेडनेट किंवा जुनी ओढणी बांधून सावली कर.

वाफा करताना वीतभर खोल माती भुसभुशीत कर, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळ (कच्चं अजिबात नको, मुळं भाजतात) आणि वाफा थोडा उंच ठेव. मिरची एकवेळ थोडा ताण सोसते पण मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. मागच्या हंगामात जिथे टोमॅटो, वांगी किंवा बटाटे होते ती जागा टाळ, सगळी एकाच कुळातली, मातीतले रोगही बरेचसे तेच. आणि चिखलात लावू नकोस, वाफसा येऊ दे, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी होऊ दे.

आता प्रत्यक्ष लावणी. तासभर आधी ट्रेला पाणी दे म्हणजे मातीचा गोळा फुटत नाही. रोप खोडाला धरून ओढायचं नाही, खालून दाबून वर काढायचं आणि गोळ्याला धरायचं. पान फाटलं तर नवीन येतं, खोड चेचलं तर रोप गेलंच समज. मुळं गोल गोल गुंडाळली असतील तर बोटांनी हलकी मोकळी कर. कागदी किंवा कोकोपीटच्या कुंडीसकट लावणार असशील तर कुंडीचा वरचा काठ फाडून टाक, तो मातीबाहेर राहिला तर मुळाजवळची ओल शोषून हवेत उडवतो.

खोलीबद्दल नीट लक्ष दे. टोमॅटो आपण अर्ध्या खोडापर्यंत पुरतो कारण त्याच्या खोडाला सहज मुळं फुटतात. मिरचीला तशी फुटत नाहीत, म्हणून ट्रेमध्ये होतं तेवढ्याच खोलीवर लाव, फार तर एखादं बोट जास्त. दोन रोपांत दीड फूट आणि दोन ओळींत दोन फूट अंतर ठेव, आत्ता जागा रिकामी वाटेल पण नंतर हवा खेळायला हवी. ढोबळीला काठी त्याच वेळी रोव, महिन्याने रोवलीस तर पसरलेली मुळं तुटतील. चार-पाच रोपं ट्रेमध्येच राहू दे, नांगे (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरायला लागतील.

लावल्यावर माती हलकेच दाब, झारीने बुंध्याशी पाणी दे. दुसऱ्या दिवशी दुपारी पानं मलूल दिसतील, घाबरून लगेच पाणी ओतू नकोस! संध्याकाळी सावरली तर ठीक आहे, सकाळी पण मलूलच असली तर माती बोटाने चाचपून बघ आणि कोरडी असेल तरच पाणी दे. नव्या रोपांची काळजीपोटी पाणी घालून घालूनच जास्त वाट लागते. पहिले दोन आठवडे युरिया वगैरे काही नको, नुसता पालाच माजतो आणि फुलं मागे पडतात. रोपं धरली की मग बुंध्यापासून थोडं अंतर सोडून पाचोळ्याचा दोन इंच थर दे. ओल सारखी राहिली पाहिजे, कारण पाणी कधी जास्त कधी कमी झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही आणि ढोबळीचं टोक काळं पडून सडतं. तेव्हा लोक धावत जाऊन औषध आणतात पण खरा इलाज बहुतेक वेळा पाणी नियमित देणं हाच असतो.

लावताना आलेली फुलं खुडायची की नाही यावर लोकांची वेगवेगळी मतं आहेत. मी ढोबळीची पहिली फुलं खुडतो, छोट्या रोपाने मोठं फळ पोसत बसावं हे मला पटत नाही, आधी मुळं आणि फांद्या होऊ देत. बारीक तिखट मिरचीची मात्र तशीच ठेवतो. पुढे ऊन ३२-३५ अंशांच्या वर गेलं की फुलं गळतील, तो रोग नाही, हवा उतरली की परत धरतात.

पानांवर लक्ष ठेव मात्र. कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं तर बहुतेक फुलकिडे, खाली वळलं तर कोळी (माइट नावाची बारीक कीड), आणि दोन्ही पानाच्या खालच्या बाजूलाच लपतात. म्हणून मला फोटो पाठवशील तेव्हा एक पान उलटं करून जवळून काढ, आणि वाफ्याचं ऊन किती तास आहे तेही लिही, त्यावरून ढोबळी कुठे आणि तिखट मिरची कुठे लावायची ते ठरवू.

तुझा,
धाकटा