ताणाच्या बाबतीत डावे-उजवे नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ताणतणावावरील रविवारच्या पुरवणीतील लेखात ‘डावा मेंदू ताण निर्माण करतो आणि उजवा तो शमवतो’ असे विधान आहे. शरीरक्रियाशास्त्र शिकवत असल्याने ते खटकले, म्हणून हा पत्रप्रपंच.

ताणाच्या प्रतिसादाची सुरुवात होते ती मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्धगोलांच्या तळाशी, मध्यरेषेवरील हायपोथॅलॅमस या भागामध्ये. तेथून स्रवणारे सीआरएच हे संप्रेरक (हार्मोन) जवळच्याच पिट्युटरी ग्रंथीला चेतवते, पिट्युटरीचे एसीटीएच हे संप्रेरक रक्तात उतरते आणि त्याच्या आदेशावरून दोन्ही मूत्रपिंडांवरील अधिवृक्क (अ‍ॅड्रेनल) ग्रंथी कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक सोडतात. छातीतली धडधड काही सेकंदांतच सुरू होते, ती अ‍ॅड्रेनलिन व नॉरअ‍ॅड्रेनलिनमुळे. कॉर्टिसोल मात्र सावकाश चढते आणि साधारण 20 ते 30 मिनिटांनी शिखर गाठते. तोंडी परीक्षा आटोपून विद्यार्थी कॅन्टीनमध्ये चहा घेत हसत असतो, तेव्हाही त्याच्या रक्तात ते भरपूर असू शकते. पुढे हेच कॉर्टिसोल मेंदूत जाऊन हायपोथॅलॅमस, पिट्युटरी आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागांमधून आपल्याच निर्मितीला आवर घालते. ताण महिनोन्‌महिने टिकला, तर हे नियंत्रण ढिले पडू शकते.

डाव्या-उजव्यात फरक मुळीच नाही, असेही नाही. उंदरांवरील प्रयोगांत मेंदूच्या पुढच्या टोकाकडील मध्य-प्रीफ्रंटल भागाला उजव्या बाजूने इजा केल्यावर ताणातील संप्रेरकांचा प्रतिसाद घटला, डाव्या बाजूच्या इजेने तसा घटला नाही. म्हणजे लेखातील विधान येथे उलटेच ठरते. अर्थात, उंदरांवरून माणसाविषयी इतके ठाम बोलू नये, हे खरेच. डाव्या-उजव्या मेंदूच्या चर्चेला चालना देणारे, मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांना 1981 मध्ये नोबेल मिळवून देणारे संशोधन अर्धगोलांना जोडणारा पूल शस्त्रक्रियेने छेदलेल्या रुग्णांवरील होते. तुमच्या-आमच्या मेंदूत तो पूल सुमारे 20 कोटी तंतूंचा आणि शाबूत असतो, ही बाब लोकप्रिय लेखनात हमखास गळते.

त्याच लेखातील ‘कॉर्टिसोल तपासून घ्या’ हा सल्ला मला अधिक काळजीचा वाटतो. कॉर्टिसोल पहाटेपासून वाढत जाऊन जाग आल्यानंतरच्या तासाभरात सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास अगदी खाली येते. त्यामुळे रक्त कोणत्या वेळी घेतले हे माहीत नसेल, तर अहवालातल्या आकड्यावरून काहीच कळत नाही. शिवाय दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड घेणाऱ्यांचे निष्कर्ष वेगळे येतात. निदान एवढा खुलासा पुढील पुरवणीत छापावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक अध्यापिका, सातारा