फ्युचर विकून बसलेल्या मुलास

सांगली, बुधवार

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हा माझं वाक्य अर्धंच राहिलं होतं. ते फ्लॅटच्या पैशांबद्दल होतं. आज तो विषय काढणार नाही.

त्या आयटी कंपनीचा शेअर फार महाग आहे, पडणारच, म्हणून तू त्याचं फ्युचर (पुढच्या तारखेला आजच ठरलेल्या भावाने शेअर देण्याचा करार) विकून बसलास. त्यामागचा तुझा हिशेब मी रात्री पुन्हा मांडून पाहिला. तो बरोबर आहे. ६० च्या पी/ईला, म्हणजे वर्षाच्या नफ्याच्या ६० पट भावाला, शेअर घेणाऱ्याला वर्षाला १२ टक्के सुटायला हवे असतील आणि दहा वर्षांनी बाजार नफ्याच्या २० पटच भाव देणार असेल, तर तोवर नफा सव्वानऊ पट व्हायला हवा. म्हणजे दर साल २५ टक्के. कंपनीची विक्री आठ टक्क्यांनी वाढतेय, तिथे हे कुठून जमणार? जागा विकून आलेला नफा तू बाजूला काढलास, डॉलर वधारल्यामुळे फुगलेली वाढही वेगळी केलीस. बाबांना वाचून दाखवलं. बोलले काही नाहीत, पण कागद खिशात घालून काकांकडे गेले.

शेअर महाग आहे, हे मान्य. पण महाग शेअर आणखी महाग होतो. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन डिसेंबर १९९६ मध्ये बाजाराच्या अवाजवी उत्साहाबद्दल बोलले, तेव्हा नॅस्डॅक हा तिथला शेअर निर्देशांक १,३०० च्या आसपास होता. मार्च २००० मध्ये तो ५,०४८ वर गेला आणि ऑक्टोबर २००२ मध्ये १,११४ वर आला. बोलणं खरं ठरलं, पण त्याच दिवशी विकून बसलेल्याचं मार्जिन (ब्रोकरकडे ठेवायची अनामत) मधल्या तीन वर्षांत कितीदा संपलं असतं?

तुझंच बघ. भाव १,५००, एका लॉटमध्ये ४०० शेअर, तीन लॉट: अठरा लाखांचा सौदा. मार्जिन वीस टक्के धरलं तर ३ लाख ६० हजार. भाव दहा टक्के चढला की एमटीएमचे, म्हणजे रोजच्या भावफरकाचे, १ लाख ८० हजार गेले, आणि ते रोजच्या रोज रोखीत. बाजार उसळला की मार्जिनही वाढवून मागतात. नाही भरलंस तर ब्रोकर सौदा कापतो, तोही नेमका वरच्या भावाला. शिवाय चुकत गेलास की सौदा आपोआप मोठा होतो, बरोबर ठरलास की लहान. खरेदीत याच्या उलट असतं.

२००५ च्या पुरात तू जिन्याच्या पायऱ्यांवर खडूने खुणा करायचास, आठवतं? दर तासाला खाली पळायचास, माई ओरडायची. त्या पुराच्या खुणेच्या वर सामान चढवून लोक निर्धास्त बसले, आणि २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. "दहा वर्षांतला सगळ्यात वरचा पी/ई" म्हणतोस, ती तसलीच खूण.

ते मार्जिन कुठून भरलंस? एफडी मोडलीस का? बरं, राहू दे.

पडेल अशी खात्रीच असेल तर पुट (ठरलेल्या भावाला शेअर विकायचा हक्क) घे. १,५०० चा पुट ४५ ला घ्यायचा, १,४०० चा १३ ला विकायचा. तोटा झालाच तर लॉटला १२,८०० चा, त्याच्या फारसा वर नाही. मिळालेच तर जास्तीत जास्त २७,२००. मात्र कंपनीच्या निकालाच्या आदल्या दिवशी घेऊ नकोस. तेव्हा प्रीमियम, म्हणजे पुटचा भाव, फुगलेला असतो, निकाल लागताच बसतो, आणि शेअर पडूनही पुटात तोटा होतो. फ्युचर एक्स्पायरीपर्यंत, म्हणजे मुदत संपेपर्यंत, तर ठेवूच नकोस. शेअरची डिलिव्हरी द्यावी लागते. आणि अमेरिकेतले शेअर असेच हातात नसताना विकायचं डोक्यातून काढ. एलआरएसमधून (रिझर्व्ह बँकेची परदेशात पैसे पाठवायची योजना) मार्जिनसाठी पैसे पाठवताच येत नाहीत.

शिकवणी झाली ना? माफ कर. सेबीनेच सांगितलंय, २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या शंभरातल्या ९३ जणांनी पैसे घालवले. ते वाचल्यापासून झोप लागत नाही.

तुझा पगारही आयटीचाच. धंदा बसला तर नोकरीवर येईल, म्हणून थोडं विकून ठेवणं हा एक प्रकारचा विमाच आहे, हे मला पटतं. (स्वतःच्या कंपनीचा शेअर तेवढा नको. नोकरी त्यानेच जाईल.) पण विम्याचा हप्ता अठरा लाखांच्या सौद्याएवढा नसतो, आणि तो घराच्या पैशांतून तर नाहीच नाही.

झालं, काढलाच विषय.

माईने भडंग केलंय, शनिवारी विट्याचे काका पुण्याला येतायत, त्यांच्याबरोबर देते. फोन नको असेल तर करू नकोस. आज संध्याकाळी एमटीएमचे किती कापले, तो नुसता आकडा पाठव.

तुझी,
आई