खेळाडूंची नावं छापा, पावत्या आम्ही फाडू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या गुरुवारी तुमच्या आतल्या पानावर आमच्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन खो-खो स्पर्धेची बातमी आली. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सूत्रसंचालन, आभार मिळून अकरा नावं मी मोजली. खेळलेल्या एकाही मुलीचं नाव त्यात नव्हतं. माझी पुतणी त्या संघात होती. तिनं पेपर दोनदा वरपासून खालपर्यंत वाचला, घडी घातली आणि ठेवून दिला. बातमी कॉलेजकडून लिहूनच येते हे मला माहीत आहे, म्हणून दोष एकट्या तुमचा धरत नाही. पण हे पत्र त्या घडी घातलेल्या पेपरामुळं लिहितोय.

मी कळंबच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत करतो. गेली बावीस वर्षं आमच्या गावच्या यात्रा कमिटीचा जमाखर्च माझ्याकडं आहे. गाव तीनशे उंबऱ्याचं. तरी दरवर्षी कुस्त्यांच्या फडासाठी दोन-सव्वादोन लाख वर्गणी जमते. दुष्काळाच्या सालीसुद्धा फड मोडला नाही, फक्त शेवटच्या कुस्तीचं इनाम कमी केलं. याच गावातून कॉलेजच्या खेळांना एक रुपया जात नाही. माणसं चिक्कू आहेत म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. फडात पैसा कसा निघतो ते मी समोर बसून बघितलं आहे, म्हणून सांगतो.

हलगी कडाडते, लहान लेकरांच्या कुस्त्या नारळावर, रेवड्यांवर लागतात, मग शंभराच्या, पाचशेच्या. माइकवरचा माणूस पैलवानाचं नाव, गाव, वस्ताद कोण, सगळं सांगतो. कुस्ती निकाली झाली की जिंकलेला पोरगा अंगाची माती तशीच घेऊन गर्दीसमोरून फेरी मारतो. तेव्हा ज्यानं कमिटीला पन्नास रुपये देताना चार वेळा टाळलं, तोच माणूस उठून त्याच्या हातात पाचशेची नोट कोंबतो, कारण त्यानं डोळ्यानं बघितलेलं असतं. दुसऱ्या दिवशी माइकवर त्याचं नाव पुकारलं जातं आणि तिसऱ्या दिवशी देवळाच्या पारावर मी सगळा हिशेब मोठ्यानं वाचतो, हलगीवाल्याच्या बिदागीपर्यंत. बावीस वर्षांत वर्गणी कमी पडली ती एकदाच, ज्या वर्षी मी आजारी होतो आणि हिशेब वाचला गेला नाही त्याच्या पुढच्या वर्षी.

आता त्या खो-खोच्या अंतिम सामन्याचं सांगतो. बुधवारी सकाळी अकराला होता. त्या वेळी मोंढ्यात सौदे चालू असतात, शाळा भरलेल्या असतात, बायाबापड्या रानात असतात. मी मुनीमजींवर दुकान टाकून गेलो. मैदानाकडेला माणसं होती सोळा, त्यातल्या चार हरलेल्या संघाच्या राखीव मुली. शेवटच्या पाळीत पुतणी अडीच मिनिटं हाताला लागली नाही. खुंटाला वळसा घालताना समोरच्या मुलीनं असा सूर मारला की बोटं हिच्या टाचेपासून वीतभर राहिली. ही निसटली, पण पुढच्या वळणावर घसरून कोपर सोलून निघालं. फक्कीची रेघ पुसली गेली आणि ती फक्की जखमेत बसली. टी-शर्टच्या टोकानं पुसून पोरगी पुन्हा उभी. मी एकटाच टाळ्या वाजवत होतो, आणि मलाच कसंतरी वाटलं. हीच मुलगी यात्रेच्या फडात असती तर तिच्या हातात नोटा मावल्या नसत्या.

आपल्याकडं खेळाडू नाहीत असं कोणी म्हणू नये. स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत पळायच्या शर्यतीत, २०२२ ला बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलचं रौप्य आणि पुढच्या वर्षी हांगझोला आशियाई सुवर्ण आणणारा अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. सारिका काळे आपल्या धाराशिवची, खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. तो सामना मोंढ्यातल्या पोरांनी मोबाइलवर बघितला. दिल्लीतला खेळ बघायला माणूस आहे, आणि अर्ध्या कोसावरच्या मैदानात सोळाजण!

माझ्या मेहुण्याचा मुलगा अमेरिकेत शिकायला आहे. तो सांगतो, तिकडं मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर एक लाखावर माणूस बसतो, आणि खेळतात ती कॉलेजचीच मुलं. तिथं चांगली जागा पाहिजे तर आधी विद्यापीठाच्या खेळांना देणगी द्यावी लागते, मग तिकीट. पण मला त्यातली एकच गोष्ट घेण्यासारखी वाटली. तिथं शिकून गेलेला माणूस साठीचा झाला तरी 'आमचा संघ' म्हणतो. आमच्या कॉलेजमधून शिकून गेलेले किती मास्तर, फौजदार, वकील, डॉक्टर याच तालुक्यात आहेत! त्यांना कॉलेजचा संघ कोणता, कप्तान कोण, हे कधी कोणी कळवलंच नाही. पत्र जातं ते थेट देणगीचं.

आणि देणगी दिल्यावर काय होतं तेही लिहितो. चार वर्षांपूर्वी मी एका कॉलेजला, नाव लिहीत नाही, मुलांच्या बुटांसाठी पाच हजार रुपये दिले. पावती नंतर देतो म्हणाले, ती आजतागायत आली नाही. बूट आले की नाही हे विचारायला दोनदा गेलो, तिसऱ्यांदा गेलो नाही. पैसे खाल्ले असं माझं म्हणणं नाही. एखाद्या वेळी बूट आलेही असतील. पण तेव्हापासून मोंढ्यात कोणाला 'कॉलेजला द्या' म्हणायला माझी जीभ उचलत नाही. पक्की पावती जागच्या जागी मिळाली पाहिजे. संस्थेला आयकर सवलतीची मान्यता असेल तर तसं सांगा, आणि दोन हजारांच्या वर रोख दिले तर ती सवलत मिळत नाही हेही सांगा, व्यापारी माणूस लगेच चेक काढतो. मोठा नफा कमावणाऱ्या कंपन्यांसाठी २०१३ च्या कायद्यात सामाजिक खर्चाची तरतूद आहे आणि ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण त्यात बसतं. पण आमच्या तालुक्यात तेवढा नफा कमावणारी कंपनी शोधायची कुठं? आमच्याकडं पैसा येईल तो दोनशे-पाचशेच्या पावत्यांनीच.

म्हणून कॉलेजवाल्यांना माझं सांगणं आहे की सामना बाजारच्या दिवशी दुपारी चारनंतर ठेवा. खेड्यापाड्यांचा माणूस त्या दिवशी आपणहून गावात असतो, एसटीला वेळ असतो. माइकवर एक चांगला बोलणारा बसवा, त्यानं मुलीचं नाव, गाव, आईबाप काय करतात, तिला पहिल्यांदा कोणत्या सरांनी खेळवलं, हे सांगावं. ऊसतोड करणाऱ्याची लेक विद्यापीठाच्या संघात निवडली गेली हे ऐकून कोणाचा हात खिशाकडं जाणार नाही? मागताना 'क्रीडा विकास निधी' म्हणू नका, त्या शब्दाला माणूस भितो. एका खेळाडूचा महिन्याचा खुराक, विद्यापीठाच्या स्पर्धेला जायचं एसटीचं भाडं, मॅटवर खेळायचे बूट, असं नेमकं मागा. आमची पोरं मुरमावर सराव करतात आणि मोठ्या स्पर्धेत मॅट आली की पहिल्याच पाळीत घसरतात. एक मॅट सगळ्या तालुक्याच्या कॉलेजांत मिळून घेता येईल, एवढा पैसा मोंढा एका हंगामात देऊ शकतो, हे मी आडत्या म्हणून बोलतोय. आणि वर्षाचा हिशेब फाटकाजवळच्या फळ्यावर खडूनं लिहा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.

पीटीच्या सरांवर सगळं टाकू नका. पुतणीचे सर स्वतःच्या खिशातून केळी आणि उकडलेली अंडी आणतात, हे मला पोरींकडूनच कळलं, सरांनी कधी तोंडातून काढलं नाही.

तुमच्याकडं मागणं लहान आहे. पुढच्या वेळी बातमी आली की पाहुण्यांची नावं दोन कमी करा आणि संघातल्या मुलींची नावं गावासकट छापा. ज्या गावचं नाव येईल त्या गावातून माणूस बघायला येतो, हे यात्रेच्या हँडबिलावरून मी शिकलोय. मी सरांना विचारलं आहे की पुढच्या सामन्याला पावतीपुस्तक घेऊन मी मैदानाच्या कडेला बसलो तर चालेल का. प्राचार्यांना विचारून सांगतो म्हणाले आहेत. पहिली पावती पाचशे एकची, माझ्या नावानं, त्यांना आधीच सांगून ठेवली आहे.

आपला,
एक वाचक, मोंढा, कळंब (जि. धाराशिव)